अठ्ठेचाळीस की शेहेचाळीस? गुणसूत्रांचा रिपोर्ट वाचायला आपण कसे शिकलो



आजची गोष्ट एका प्लास्टिकच्या फाइलपासून सुरू करतो. मागच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याची बायको वडोदऱ्याहून घरी आले होते. फराळ झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि उठायच्या वेळी त्याने बॅगेतून ती फाइल काढली. लग्नाला सहा वर्षं झालेली. तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. तिसऱ्या वेळेनंतर डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी करायला सांगितली होती. त्याचे हे दोन रिपोर्ट. तज्ज्ञांची भेट महिनाभराने मिळणार होती, आणि तोवर घरात या कागदांचा अर्थ लावून झाला होता.

तिच्या रिपोर्टवर लिहिलं होतं : ४६,एक्सएक्स,इन्व्ह(९)(पी१२क्यू१३). त्याच्या रिपोर्टवर : ४५,एक्सवाय,डेर(१३;१४)(क्यू१०;क्यू१०).

तिच्या कागदावर ‘इन्व्हर्शन’ हा शब्द ठळक छापलेला. इन्व्हर्शन म्हणजे उलटं होणं, एवढं कुणीतरी शब्दकोशात बघून सांगितलं. झालं. सुनेत काहीतरी उलटं आहे, असं घरात ठरलं. त्याच्या कागदाकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. ‘४५’ ही टायपिंगची चूक असेल, असं सासरे म्हणाले. ती बिचारी माझ्यासमोर बसून म्हणाली, “सर, माझं नक्की काय उलटं आहे, एवढं तरी सांगा.”

मी डॉक्टर नाही, हे मी तिला सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो. आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आणि आता तुमच्याशी विज्ञानाच्या इतिहासाबद्दल बोलतो. पण त्या दोन ओळींमधला एकेक आकडा आणि एकेक अक्षर कुठून आलं, ते लिहायला माणसं कशी शिकली आणि शिकताना किती वेळा चुकली, हा तर माझाच विषय. म्हणून आजचा भाग त्यावर.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८८ साली ‘क्रोमोसोम’ हा शब्द काढला. क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे शरीर. रंग दिल्याशिवाय ही गोष्ट दिसत नाही, म्हणून हे नाव. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत ‘रंगसूत्र’ असा शब्द असे, आता सगळे ‘गुणसूत्र’ म्हणतात. मला जुना शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. रंगसूत्र म्हटलं की जे दिसतं तेवढंच सांगितल्यासारखं होतं; गुणसूत्र म्हटलं की लगेच गुण आणि अवगुण आले.

तर ही सूत्रं मोजायची कशी? ती वेगवेगळी दिसतात फक्त पेशी विभागत असताना. तेव्हाही ती एवढ्याशा जागेत एकमेकांवर पडलेली असतात. पूर्वी ऊती मेणात बसवून तिचे पातळ काप काढत. वाडगाभर शेवया गोठवायच्या, सुरीने चकत्या करायच्या, आणि मग चकती बघून शेवया किती होत्या ते सांगायचं, असा तो प्रकार. एकच शेवई दोन चकत्यांत आली तर दोनदा मोजली जाणार. माणसाची संख्या कुणी १८ सांगितली, कुणी २४, तर बेल्जियमच्या विनिवार्टर यांनी १९१२ मध्ये पुरुषाची ४७ आणि स्त्रीची ४८ सांगितली.

मग आले टेक्सासचे थिओफिलस पेंटर. त्यांच्याकडे आलेल्या ऊती राज्याच्या मनोरुग्णालयातल्या पुरुषांच्या होत्या, ज्यांचे वृषण शस्त्रक्रियेने काढून टाकले होते. आजच्या कुठल्याही नीतिनियमात हे बसणार नाही, आणि विज्ञानाच्या इतिहासात अशी पानं बरीच आहेत. पेंटर यांनी १९२१ मध्ये लिहिलं की सगळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या पेशींमध्ये मला ४६ सापडतात. पण दुसऱ्या काही पेशींत ४८ दिसत होती. शेवटी १९२३ मध्ये त्यांनी ४८ वर शिक्का मारला. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ जगभरच्या पाठ्यपुस्तकांत माणसाची गुणसूत्रं अठ्ठेचाळीस राहिली.

गंमत बघा, याच काळात वनस्पतींची मोजणी कितीतरी पुढे गेली होती. कोइमतूरला उसावर काम केलेल्या आपल्या जानकी अम्मल यांनी इंग्लंडमध्ये सिरिल डार्लिंग्टन यांच्याबरोबर १९४५ साली लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा कोश छापला. उसाची, बटाट्याची, गव्हाची गुणसूत्रं किती ते त्यात पाहता येत होतं. आणि ते पाहणाऱ्या माणसाची स्वतःची संख्या मात्र दोनने चुकलेली!

१९५२ मध्ये टेक्सासच्याच गॅल्व्हस्टन इथे टी. सी. शू नावाचे चीनहून आलेले संशोधक काम करत होते. एके दिवशी सूक्ष्मदर्शकात त्यांना गुणसूत्रं अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांसारखी सुटी सुटी पसरलेली दिसली. पुन्हा प्रयोग केला तर जमेना. पुढे बऱ्याच खटपटीनंतर लक्षात आलं की पेशी धुण्याच्या क्षारद्रावणात कुणाच्या तरी हातून पाणी जास्त पडलं होतं. पातळ द्रावणात पेशी पाणी पिऊन फुगतात आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून लांब होतात. ते द्रावण कुणी बनवलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. आज वडोदऱ्यात असो की हैदराबादेत, गुणसूत्र तपासणीत पेशी अशाच फुगवतात. एका अनामिक माणसाच्या चुकीवर ती सगळी पद्धत उभी आहे. पण पुढचं ऐका. इतकी स्वच्छ पसरलेली गुणसूत्रं डोळ्यांसमोर असूनही शू यांनी छापलं : ४८.

खरा आकडा लागला २२ डिसेंबर १९५५ रोजी, स्वीडनमधल्या लुंड इथे. जो हिन त्जिओ हे मूळचे जावा बेटावरचे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छळछावणीत तीन वर्षं काढलेले, पुढे स्पेनमध्ये वनस्पतींवर काम करणारे. सुट्ट्यांमध्ये ते लुंडला आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत येत. लेव्हानही मूळचे वनस्पतीवालेच. मानवी गर्भाच्या फुफ्फुसातल्या पेशी त्जिओंनी वाढवल्या, शू यांच्या पद्धतीने फुगवल्या, वनस्पतीवाले करतात तशा काचेखाली दाबून पसरवल्या आणि मोजल्या. बहुतेक प्रत्येक पेशीत शेहेचाळीस. जानेवारी १९५६ मध्ये त्यांचा लेख आला, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या फोर्ड आणि हॅमर्टन यांनी वेगळ्या पेशींवर तेच दाखवलं.

त्या लेखाच्या शेवटाकडे एक छोटीशी नोंद आहे. ती मी वर्गात दरवर्षी सांगत असे. त्याच लुंडमध्ये आधी एव्हा हान्सेन-मेलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भांच्या यकृतातल्या पेशी तपासल्या होत्या. त्यांना पुन्हा पुन्हा ४६ च सापडत होती. उरलेली दोन काही मिळेनात, म्हणून त्यांनी काम सोडून दिलं. आपलं तंत्र कमी पडतंय असं त्यांना वाटलं! समोर उत्तर होतं. पुस्तकातल्या आकड्यापुढे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला त्या धजावल्या नाहीत.

एकदा ४६ हा पाया पक्का झाल्यावर १९५९ साल उजाडलं आणि एकामागून एक दारं उघडली. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून आणि रेमों तुर्पां यांनी डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं असतं हे दाखवलं. त्यात पेशी वाढवायचं मुख्य काम गोतिए बाईंचं, आणि नाव मात्र वर्षानुवर्षं लेज्यून यांचं घेतलं गेलं. तो वाद वेगळ्या भागाचा विषय आहे. टर्नर सिंड्रोमच्या मुलीत ४५ गुणसूत्रं, फक्त एक एक्स, हेही त्याच वर्षी कळलं.

आपल्या विषयासाठी मात्र १९५९ ची एडिंबराची बातमी जास्त महत्त्वाची. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये बॉस्टनला नऊ पुरुषांचं वर्णन केलं होतं. वृषण लहान, वीर्यात शुक्राणू नाहीत, छाती वाढलेली. पुढे १९४९ मध्ये मरी बार यांना मांजराच्या मज्जापेशींत मादीमध्येच दिसणारा एक गडद ठिपका सापडला. माणसातही तो बायकांच्या पेशींत असतो, पुरुषांच्या नाही. १९५६ मध्ये क्लाइनफेल्टरच्या पुरुषांत तो ठिपका दिसला, आणि डॉक्टरी लेखांत या पुरुषांना अनुवंशाच्या दृष्टीने स्त्रिया ठरवण्यात आलं! मिशा असलेल्या, संसार करणाऱ्या, मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाच्या फाइलवर हे लिहिलं गेलं तर त्याचं काय होत असेल, विचार करा. जानेवारी १९५९ मध्ये पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी अशा एका पुरुषाची गुणसूत्रं प्रत्यक्ष मोजली. ४७ निघाली : दोन एक्स आणि एक वाय. वाय होता, म्हणून तो पुरुष होता. ठिपका खरा होता, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता.

ही अवस्था दुर्मीळही नाही. साधारण ६०० ते ७०० मुलग्यांमागे एक. वीर्यात एकही शुक्राणू न सापडणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे दहांतल्या एकाला हीच असते. त्यांच्या बायकांनी किती वर्षं, किती देवळांत आणि किती दवाखान्यांत ‘वांझ’ हा शब्द ऐकला असेल, त्याची मोजणी कुणी केलेली नाही. आज अशा पुरुषांपैकी बऱ्याच जणांच्या वृषणात सूक्ष्मदर्शकाखाली शोधून शुक्राणू मिळवता येतात आणि इक्सी पद्धतीने मूल होऊ शकतं. कॉलेजात शिकताना आम्हाला तर ‘कायमचं वंध्यत्व’ असंच लिहायला सांगितलं होतं. परीक्षेत मार्कही मिळाले.

आता राजम्याची गोष्ट. होय, आपला खिचडीवाला नव्हे, पंजाबी राजमा. सुरुवातीला गुणसूत्रं पाहायची तर हाडातला मगज किंवा त्वचेचा तुकडा काढावा लागे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी विभागतच नाहीत, असं सगळे धरून चालले होते. फिलाडेल्फियाचे पीटर नॉवेल रक्तातल्या तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढायला राजम्यापासून काढलेलं एक प्रथिन वापरत. त्यांना आढळलं की ते घातलं की पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि विभागायला लागतात. १९६० मध्ये मूरहेड, नॉवेल आणि मंडळींनी रक्ताच्या नमुन्यावरून गुणसूत्रं पाहायची पद्धत छापली, आणि गुणसूत्र तपासणी दंडातून घेतलेल्या पाच मिलीलीटर रक्तावर आली. आजही पेशी साधारण तीन दिवस वाढवतात, विभागणीच्या ऐन क्षणी त्यांना कोल्चिसीनसारख्या औषधाने थांबवतात, फुगवतात, काचेवर टाकतात, रंगवतात, आणि मग कुणीतरी माणूस बसून एकेक पेशी बघतो. शुगरचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो आणि हा दोन-तीन आठवडे का घेतो, ते यावरून लक्षात येईल. पेशी जिवंत पोचाव्या लागतात, म्हणून नळीही वेगळी, हेपरिनची.

पण वारंवार गर्भ राहून जाण्याचा इतिहास बदलला तो एका वेगळ्याच मोजणीने. तोवर गर्भपाताची कारणं म्हणजे जड उचललं, जिना चढली, दचकली, पपई खाल्ली. आपल्याकडेच नव्हे, जगभर. प्रत्येक देशाची पपई वेगळी इतकंच. कॅनडात डेव्हिड कार यांनी १९६० च्या दशकात आपोआप पडलेल्या २०० गर्भांची गुणसूत्रं पाहिली, तेव्हा पाचांतल्या एकाहून जास्त गर्भांत दोष निघाला. पॅरिसमध्ये जोएल आणि आंद्रे बुए या पति-पत्नीने सुरुवातीच्या आठवड्यांतले जवळपास १५०० नमुने तपासले आणि १९७५ मध्ये निकाल दिला : १०० पैकी ६१ मध्ये गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली. सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांत १६ क्रमांकाचं जास्तीचं गुणसूत्र, आणि एकच एक्स.

याचा अर्थ नीट बघूया. यातले बहुतेक दोष आईवडिलांच्या रक्तात नसतात. ते एखाद्या बीजांडात, किंवा शुक्राणूत, किंवा गर्भाच्या पहिल्या विभागणीत त्या एका वेळी घडलेले असतात. बीजांडं तर मुलगी आईच्या पोटात असतानाच अर्धवट विभागून थांबलेली असतात, आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी तो खोळंबलेला व्यवहार पूर्ण करतात. वय वाढेल तशी त्यात चूक व्हायची शक्यता वाढते. जिना चढल्याने १६ नंबरचं गुणसूत्र जास्तीचं होत नाही. बुए दांपत्याचा हा आकडा पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरांत तो अजून पोचायचाय.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. गेलेल्या गर्भात दोष होता का? आणि आईवडिलांपैकी कुणाच्या गुणसूत्रांची मांडणी अशी आहे का, की तो दोष पुन्हा पुन्हा घडावा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येणारी जोडपी वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरांत दोन ते पाच. त्यामुळे हल्ली बरेच तज्ज्ञ आधी गर्भाची ऊती तपासा म्हणतात. त्यातही खाचा आहेत. ऊती नीट वेगळी केली नाही तर प्रयोगशाळेत वाढतात त्या आईच्याच पेशी, आणि ‘सगळं नॉर्मल, एक्सएक्स’ असा रिपोर्ट येतो. जगभरच्या जुन्या नोंदींत मुलींचे गर्भ संशयास्पद जास्त दिसायला लागले, तेव्हा हा घोटाळा लक्षात आला. भारतात गर्भाच्या तपासणीत लिंग कळवायला कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये तो कायदा का केला, ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे गर्भऊतीच्या रिपोर्टवर बऱ्याचदा एक्सएक्स की एक्सवाय हे छापलेलंच नसतं, आणि ‘नॉर्मल’ हा शब्द कुणाच्या पेशींबद्दल आहे हे प्रयोगशाळेलाच विचारावं लागतं. जरूर विचारा. आईच्या रक्ताशी ताडून बघायची सोय असते.

आता आपल्या जोडप्याच्या दोन ओळी.

१९७० पर्यंत सगळी गुणसूत्रं एकरंगी दिसत. लांबीवरून गट पाडायचे, बस्स. दोन गुणसूत्रांनी सारख्या लांबीचे तुकडे अदलाबदल केले तर ते दिसणंच शक्य नव्हतं. अशा किती जोडप्यांना तेव्हा ‘तुमच्यात काही दोष नाही’ सांगून घरी पाठवलं असेल. मग स्टॉकहोमला टॉर्ब्योर्न कास्परसन आणि लोरे झेक यांनी चमकणारा रंग वापरून गुणसूत्रांवर पट्टे उमटवले. लगोलग १९७१ मध्ये इंग्लंडच्या सॉल्झबरीतल्या मरीना सीब्राइट यांनी ट्रिप्सिन आणि गीम्सा रंगाची स्वस्त पद्धत दिली. तीच आज सगळीकडे चालते. पट्टे आल्यावर प्रत्येक गुणसूत्राला जणू इरकली काठासारखी ओळख मिळाली. त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत पट्ट्यांना क्रमांक दिले. आखूड बाजू ‘पी’, फ्रेंच ‘पेती’ म्हणजे छोटा यावरून. लांब बाजू ‘क्यू’, कारण पी नंतर क्यू येतो. एवढंच!

तर तिची ओळ : नवव्या गुणसूत्राच्या कमरेजवळचा भाग, पी बाजूच्या १२ पासून क्यू बाजूच्या १३ पर्यंत, उलटा फिरलेला. तिथे फारशी कामाची जनुकं नाहीत, त्याच त्या मजकुराच्या पुनरावृत्त्या आहेत. शंभरांत एक ते तीन माणसांत हा प्रकार असतो. तुम्ही ऐकणाऱ्यांत कित्येकांत असेल, तपासलं नाही म्हणून ठाऊक नाही. मग हा वंध्यत्वाशी कसा जोडला गेला? कारण गुणसूत्र तपासणी करून घेतात कोण? ज्यांना मूल होत नाही ते. त्यांच्यातच शोधलं तर त्यांच्यातच सापडणार. आज कित्येक प्रयोगशाळा हा फरक रिपोर्टमध्ये लिहितही नाहीत. तिचं काहीही उलटं नव्हतं. मी एवढं सांगितल्यावर ती रडली नाही, काही बोललीही नाही. फाइलमधून आपला कागद काढून तिने घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

अशाच आणखी एका नोंदीने बायकांना फार छळलंय. तीस पेशींत एक-दोन पेशी एकाच एक्सच्या सापडतात आणि कुणीतरी ‘मोझेक टर्नर’ म्हणून मोकळं होतं. वयाबरोबर बाईच्या रक्तातल्या काही पेशी एक एक्स गमावतात, हे जेकब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाहिलं होतं.

आणि त्याची ओळ. पंचेचाळीस ही टायपिंगची चूक नव्हती. १३ आणि १४ क्रमांकाची दोन गुणसूत्रं कमरेशी एकमेकांना चिकटून एक झाली होती. अमेरिकेत डब्ल्यू. आर. बी. रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये हे पहिल्यांदा वर्णन केलं ते नाकतोड्यांत. म्हणून याला रॉबर्टसोनियन स्थानांतर म्हणतात. चिकटताना दोघांच्या आखूड बाजू गळून जातात. पण त्या बाजूंवरची जनुकं १५, २१ आणि २२ वरही असल्यामुळे काही अडत नाही. गाठोडी एक कमी, सामान तेवढंच. हजारांत साधारण एक माणूस असा असतो, आणि त्यांतही १३-१४ ची जोडी सगळ्यांत जास्त.

अडचण येते वाटणीच्या वेळी. शुक्राणू बनताना एक १३, एक १४ आणि एक जोडगुणसूत्र अशी तिघांची वाटणी दोघांत करायची. सहा प्रकार संभवतात. एक पूर्ण नॉर्मल, एक बापासारखा समतोल, आणि चार बिघडलेले : १३ जास्त, १३ कमी, १४ जास्त, १४ कमी. पण सहांत चार म्हणजे बाळाला धोका सहांत चार, असं गणित करू नका. वाटणी नाणं उडवल्यासारखी होत नाही; शुक्राणूंत नॉर्मल आणि समतोल हेच बहुसंख्य असतात. बिघडलेल्यांतले तीन प्रकारचे गर्भ टिकत नाहीत. फक्त १३ जास्तीचं असलेलं बाळ जन्मापर्यंत पोचू शकतं, आणि ती शक्यता शंभरांत एकाहून कमी.

एका आकड्याने किती फरक पडतो बघा. त्याच जागी डेर(२१;२१) असं लिहिलेलं असतं, तर वाटणीत एक तर दोन्ही २१ जाणार किंवा एकही नाही. म्हणजे होणारं प्रत्येक मूल डाउन सिंड्रोमचं, नाहीतर गर्भपात. आणि डेर(१४;२१) आईकडे असेल तर डाउनची शक्यता साधारण दहा ते पंधरा टक्के, वडिलांकडे असेल तर एक टक्क्याच्या आसपास. ‘स्थानांतर आहे’ एवढं ऐकून कुणी सल्ला देत असेल तर त्याला आधी विचारा, कुठलं?

नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या जोडप्यांचा सरासरी जवळपास सहा वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये छापलं. वाहक जोडप्यांना गर्भपात जास्त झाले, हे खरं. पण किमान एक निरोगी मूल झालेली जोडपी वाहकांत ८३ टक्के आणि वाहक नसलेल्यांत ८४ टक्के. हा आकडा मी त्या दोघांना कागदावर लिहून दिला, आणि खाली लिहिलं की तज्ज्ञांना दाखवणे. तिथे त्यांना दोन्ही वाटा समजावून सांगितल्या : नैसर्गिकरीत्या वाट बघून गर्भ राहिल्यावर तपासणी करणं, किंवा आयव्हीएफ करून रोपणाआधी भ्रूण तपासणं. दुसरी वाट महाग, आणि पहिलीइतकीच थकवणारी. दोघं अजून ठरवतायत.

हेही सांगतो, त्याच्या शुक्राणूंची संख्या कमी निघाली असती तर वाय गुणसूत्राची वेगळी डीएनए तपासणीही लागली असती. इटलीच्या टिएपोलो आणि झुफार्डी यांना १९७६ मध्ये सहा पुरुषांत वायचा शेंडा तुटलेला दिसला. त्याहून लहान तुकडे सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. उलट हल्लीच्या महागड्या मायक्रोॲरेला ते बारीक तुकडे दिसतात, पण त्याचं जोडगुणसूत्र दिसलं नसतं. ती तपासणी सामान तोलते, गाठोडी मोजत नाही.

जानेवारीत त्याचा फोन आला. असं गुणसूत्र बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडून येतं, हे त्याला तज्ज्ञांनी सांगितलं होतं. ते त्याने घरी सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्याच्यात आणि धाकट्या बहिणीत सात वर्षांचं अंतर आहे, आणि त्या सात वर्षांबद्दल घरात आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही, एवढंच तो म्हणाला. मी त्याचा अर्थ लावायच्या फंदात पडलो नाही.

बहीण इंदूरला नोकरी करते. तिच्या लग्नाचं बघणं चालू आहे. वडील म्हणाले, तिला आत्ताच कशाला सांगायचं, स्थळं मोडतील. वहिनी म्हणाली, “मला सहा वर्षांनी कळलं, तिला आधी कळू दे.” फोन वहिनीनेच केला. बहिणीने मागच्या सोमवारी रक्त दिलं. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतील. का लागतात, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.